दुधाच्या पावतीवर वेळ असते, रक्ताच्या रिपोर्टवर का नसावी?

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात मंगळवार पेठेतल्या एका वाचकांचं पत्र वाचलं. त्यांच्या पत्नीची बोटं सकाळी उठल्यावर तासभर आखडलेली असतात, भाकरी थापता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी आरए फॅक्टर (संधिवाताची) आणि एएनए (स्वतःच्याच पेशींवर उठणाऱ्या अँटीबॉडीची) या दोन तपासण्या लिहून दिल्या. एका लॅबमध्ये आरए फॅक्टर २२ आला, चार दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये १३. एएनए एकीकडे १:८०, दुसरीकडे १:१६०. ‘एकच बाई, एकच रक्त, मग रिपोर्ट दोन कसे? सगळा पैशाचा खेळ,’ असं त्यांनी लिहिलंय.

त्यांचा राग मला कळतो. हाच प्रश्न मला भुदरगडातल्या एका म्हातारीनं काउंटरवर विचारला होता. ‘बाई, रगात एकच हाय न्हवं, मग कागदं दोन कशी?’ मी ३१ वर्षं कोल्हापुरातल्या वेगवेगळ्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. त्या दिवशी गर्दी होती. ‘मशीन वेगळं असतं आजी,’ एवढंच सांगून मी तिला वाटेला लावलं. ते उत्तर अर्धंच होतं. राहिलेलं अर्धं आज लिहिते. पत्र लांबलंय हे मला माहीत आहे. कात्री लावायचीच असेल तर मधे कुठेही लावा, शेवट तेवढा ठेवा.

आधी एएनएचं भांडण मिटवू. या तपासणीत सिरम, म्हणजे रक्त साकळल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, पातळ करत जायचं असतं, १:४०, १:८०, १:१६०, दर वेळी निम्मं. प्रत्येक पायरीचं सिरम काचपट्टीवरच्या एचईपी-२ नावाच्या, लॅबसाठी वाढवलेल्या माणसाच्या पेशींवर सोडायचं आणि अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्ट मायक्रोस्कोपखाली हिरवी चमक कुठल्या पायरीपर्यंत दिसते ते बघायचं. जिथपर्यंत दिसली तो टायटर. हे काम डोळ्यांचं. एकच सिरम मी सकाळी १:८० वाचलंय आणि जेवून आल्यावर १:१६०. एका पायरीचा फरक आमच्यात कुणी फरक धरत नाही. १९९७ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांचं सिरम तपासलं, त्यात १:४० ला जवळजवळ ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले होते. म्हणजे रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खाणाऱ्या शंभर धडधाकट माणसांना गाठलं तर त्यातले पाच-दहा जण एएनए घेऊनच फिरत असतील.

आरए फॅक्टरचंही असंच. एका किटची वरची मर्यादा १४, दुसऱ्याची २०. अँटी-सीसीपी नावाची याच आजाराची दुसरी तपासणी आहे, तिच्यात एका कंपनीची मर्यादा २० युनिट, दुसरीची १७, तिसरीची चक्क ५. युनिट म्हणतात सगळे, पण प्रत्येकाचं मापटं वेगळं. दोन मापट्यांचे आकडे शेजारी ठेवून भांडू नये. एवढं तर कुठलाही टेक्निशियन सांगेल.

पण त्या गृहस्थांच्या पत्रात आणखी एक ओळ होती, ती मी दोनदा वाचली. पहिलं रक्त रविवारी सकाळी लॅबचा पोरगा घरी येऊन घेऊन गेला. दुसरं त्यांनी गुरुवारी स्वतः लॅबमध्ये जाऊन दिलं. रविवारी बहुतेक लॅबमध्ये अर्धी माणसं सुट्टीवर असतात. मग ते रविवारचं रक्त सोमवार उजाडेपर्यंत कुठं होतं? उभं होतं की आडवं? गार होतं की गरम? ते पोराच्या मोटारसायकलच्या डिकीत किती वेळ होतं? हे त्यांना माहीत नाही, मला माहीत नाही, आणि रिपोर्टवर तर नाहीच. फरक तिथं पडला असं मी म्हणत नाही, आकडे बघता किटचाच फरक असावा असं वाटतं. पण ते ताडून बघायला काही साधनच नाही, हे माझं दुखणं आहे.

आपल्या जिल्ह्यात घरटी जनावर. सकाळी सहाला किटली घेऊन दूध संस्थेत गेलं की पावती मिळते, तिच्यावर तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. दूध बल्क कूलरमध्ये ४ अंशांवर जातं. फॅट एखाद्या पॉइंटानं कमी लागली तर शेतकरी सेक्रेटरीला जाब विचारतो. त्याच शेतकऱ्याच्या बायकोचं रक्त गारगोटीहून थर्मोकोलच्या पेटीतून वडापच्या जीपमध्ये, कधी बॉनेटच्या उबेला, कोल्हापूरला येतं, आणि ते किती वाजता निघालं, किती वाजता पोचलं हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

आता सिरम म्हणजे काय ते थोडक्यात. लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं की ते अर्ध्या तासात साकळतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवलं की गुठळी खाली बसते आणि वर राहतं ते पिवळसर पाणी म्हणजे सिरम. अँटीबॉडी त्यात असतात. घर राखण्यासाठी पाळलेलं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागावं तशा काही अँटीबॉडी स्वतःच्याच पेशींवर उठतात, त्या ऑटोअँटीबॉडी. ल्युपस (त्वचा, सांधे, किडनी अशा अनेक जागी उठणारा आजार), संधिवात, थायरॉइडचा हाशिमोटो, या सगळ्यांत त्या मोजतात.

यातल्या बहुतेक आयजीजी जातीच्या, आणि आयजीजी हा चिवट प्राणी आहे. सिरम वेळेत वेगळं केलं आणि २ ते ८ अंशांवर ठेवलं तर काही दिवस त्याला काही होत नाही. कायमचं ठेवायचं तर खोल गोठवायचं. अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या जवानांच्या सिरमच्या व्हायली (छोट्या बाटल्या) उणे ३० अंशांवर वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या असतात. पुढे त्यातल्या १३० जणांना ल्युपस झाला, तेव्हा संशोधकांनी त्यांच्या जुन्या व्हायली काढून तपासल्या. १३० पैकी ११५ जणांत आजार कळण्याआधीच ऑटोअँटीबॉडी सापडल्या, काहींत तर नऊ वर्षांहून अधिक आधी. हे २००३ साली छापून आलं. मी ते वाचलं तेव्हा मला आमच्या फ्रिजची लाज वाटली.

त्या फ्रिजची गोष्ट सांगते. राजारामपुरीतल्या एका लहान लॅबमध्ये मी नोकरीला लागले तेव्हा तिथं एक जुना एकदारी फ्रिज होता. दर पंधरवड्याला बर्फ खरवडायचा. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे हमखास पॉझिटिव्ह येणारं सिरम, विकत घेणं महाग पडायचं, म्हणून ज्यांचा आरए फॅक्टर जोरदार आहे अशा पेशंटांचं उरलेलं सिरम एकत्र करून आम्ही गोठवून ठेवायचो आणि रोज त्यातला थेंब वापरून किट बरोबर चालतंय का ते बघायचो. पाडव्याला मालकांनी मोठ्या कौतुकानं दोन दारांचा, बर्फ न धरणारा नवा फ्रिज आणला. पेढे वाटले. आणि दोन-तीन महिन्यांत आमचा कंट्रोल मऊ पडायला लागला. आरए फॅक्टरच्या लॅटेक्स तपासणीच्या काचेवर पहिल्यांदा रवाळ, दाणेदार गुठळ्या यायच्या, आता नुसतं धूसर यायचं. मालक म्हणाले किट खराब. किट बदललं, तेच.

दोष दोन होते. एक आमचा स्वतःचा: रोज तीच एक व्हायल काढायची, वितळवायची, थेंब घ्यायचा, परत गोठवायची. महिन्यात पंचवीस वेळा ती वितळली आणि गोठली. दुसरा त्या नव्या फ्रिजचा. बर्फ धरू नये म्हणून त्यात दिवसातून काही वेळा आतल्या कॉइलजवळचा हीटर लागतो. मोठं आइस्क्रीमचं डबडं असेल तर त्याला काही कळत नाही, पण अर्धा मिलिलिटरची व्हायल लगेच नरम पडते. वर भरीला रात्रीची वीज जायची. सकाळी येऊन बघावं तर सगळं टणक. रात्री वितळून पहाटे परत गोठलं असेल, हे कळणार कसं?

मी एक युक्ती केली. एका व्हायलमध्ये निम्मं सलाइन भरून उभं गोठवलं, आणि गोठल्यावर ती व्हायल उलटी करून ठेवली. बर्फ तळाला चिकटलेला, म्हणजे आता वर. दोन आठवड्यांनी सोमवारी सकाळी उघडून पाहिलं तर बर्फ टोपणाच्या बाजूला. त्या दोन आठवड्यांतल्या कुठल्यातरी रात्री पाणी पूर्ण वितळून खाली आलं होतं. मालकांना ती व्हायल हातात दिली. ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात आइस्क्रीमवाल्याकडे असतो तसला पेटीसारखा फ्रीझर आला, इन्व्हर्टर आला, आणि मी कंट्रोलचं सिरम एकेका दिवसापुरतं छोट्या छोट्या व्हायलींत वाटून ठेवायला लागले. एकदा काढली की परत आत नाही.

आरए फॅक्टर लवकर मऊ का पडला, तेही सांगते. तो बहुतेक आयजीएम जातीचा. आयजीएम म्हणजे पाच अँटीबॉडी एकत्र बांधलेली मोठी मोळी. गोठताना पाण्याचा बर्फ होतो आणि उरलेल्या थोड्या पाण्यात मीठ दाटत जातं. मिठाचं पाणी उणे २१ अंशांच्या आसपास जाऊन पूर्ण गोठतं, म्हणून उणे २० चा फ्रीझर दिसायला टणक असला तरी आत बारीक बारीक खारट ओघळ जिवंत असतात. त्या दाटीत प्रथिनं एकमेकांना चिकटतात, उलगडतात. मोठ्या मोळीला हा मार जास्त लागतो. आयजीजी बराचसा टिकतो, पण त्याचेही गठ्ठे झाले तर तो एलायझात (खोबणीतल्या रंगावरून अँटीबॉडी मोजायच्या तपासणीत) नको तिथं चिकटून खोटा पॉझिटिव्ह देऊ शकतो. म्हणजे साठवण बिघडली की आकडा खालीच जातो असं नाही. वरही जातो.

आणखी एक चूक मी स्वतः केलीय आणि नवीन पोरापोरींना ती करताना पाहिलंय. गोठलेलं सिरम वितळलं की ते एकसारखं राहत नाही. शाळेच्या दारात मिळणारं गारेगार आठवा. चोखलं की रंग आणि गोडी आधी तोंडात येते, मागं पांढरा बर्फ उरतो. सिरमचंही तसंच, जड भाग आधी वितळून तळाशी बसतो, वर पाणचट. वितळल्यावर व्हायल हळूच आठ-दहा वेळा उलटीसुलटी केली नाही आणि वरूनच पिपेट घातलं, तर पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्ह होतो. हलवायची पण घुसळायची नाही, फेस आला की प्रथिनं मरतात. ताक नव्हे ते.

एकदा याच्या उलटं झालं. पूर्वी सिफिलिसच्या व्हीडीआरएल तपासणीसाठी सिरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचो. त्या दिवशी उरलेलं तापवलेलं सिरम मी कार्डिओलिपिन अँटीबॉडी या एका ऑटोअँटीबॉडीच्या एलायझाला वापरलं, ट्यूबवर नाव तर तेच होतं ना. दोन बायका पॉझिटिव्ह आल्या. सरांनी ताजं सिरम घेऊन परत लावायला सांगितलं, दोघी निगेटिव्ह. तापवल्यावर अशा तपासण्यांत खोटे पॉझिटिव्ह येतात. किटच्या आतल्या कागदावर ‘तापवलेलं सिरम वापरू नये’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तो कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाचला.

गार ठेवलं की सगळं ठीक, असा एक समज लोकांत आहे आणि कलेक्शन सेंटरवाल्यांतही आहे. गगनबावड्याकडची एक बाई आठवते. थंडी पडली की तिच्या नडग्यांवर जांभळे ठिपके यायचे, बोटं निळी पडायची. डॉक्टरांना क्रायोग्लोब्युलिनचा संशय होता. ही अँटीबॉडींचीच एक जात, थंडीत गोठून बसणारी, आणि बऱ्याचदा तिच्यात आरए फॅक्टरच असतो. दोन वेळा रिपोर्ट निगेटिव्ह आला. दोन्ही वेळा सॅम्पल शिस्तीत, बर्फाच्या पेटीतून आलं होतं. आणि तीच गोची होती. ट्यूब गार झाल्याबरोबर ते प्रथिन गोठून गुठळीबरोबर खाली बसलं, सेंट्रिफ्यूज केल्यावर आम्ही ते गुठळीसकट कचऱ्यात टाकलं, आणि उरलेल्या सिरममध्ये ते शोधत बसलो.

तिसऱ्या वेळी मी स्वतः दसरा चौकाजवळच्या दवाखान्यात गेले. सिरिंज आणि ट्यूबा ३७ अंशांच्या पाण्यात कोमट करून नेल्या होत्या. रक्त घेऊन ट्यूब चहाच्या थर्मासमध्ये कोमट पाण्यात ठेवली आणि रिक्षातून थर्मास मांडीवर घेऊन आले. रिक्षावाला म्हणाला, ‘चहा कुणाला नेताय मॅडम?’ लॅबमध्ये ट्यूब वॉटर बाथमध्ये साकळू दिली, सेंट्रिफ्यूजचे कपसुद्धा गरम पाण्यानं शेकून घेतले. मग वेगळं केलेलं सिरम ४ अंशांवर ठेवून वाट बघितली. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्यूबच्या तळाला साबुदाण्याच्या पेजेसारखा पांढरा थर. ट्यूब परत ३७ अंशांवर ठेवली, थर विरघळला. मी उभ्या उभ्या रडले, कशासाठी ते मला अजून सांगता येत नाही. पुढे तिला हेपॅटायटिस सी असल्याचं निघालं, त्या आजारात क्रायोग्लोब्युलिन सापडणं नवं नाही, आणि उपचार सुरू झाले.

लाल-पिवळ्या टोपणाच्या बाहेरची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बायकांच्या जिवाशी आहे. वारंवार गर्भ पडत असेल तर ल्युपस अँटीकोॲग्युलंट या ऑटोअँटीबॉडीची तपासणी करतात. ती सिरमवर होत नाही, निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमधल्या प्लाझ्मावर, म्हणजे साकळू न दिलेल्या रक्ताच्या वरच्या पाण्यावर होते. हा प्लाझ्मा गोठवण्याआधी दोनदा सेंट्रिफ्यूज करावा लागतो, म्हणजे त्यात प्लेटलेट जवळजवळ राहू नयेत. एकदाच फिरवला तर राहिलेल्या प्लेटलेट गोठताना फुटतात, त्यांच्यातली स्निग्ध द्रव्यं बाहेर येतात आणि आपण शोधत असलेली अँटीबॉडी त्यांनाच चिकटून संपते. रिपोर्ट येतो नॉर्मल. ज्या बाईला पुढच्या गरोदरपणात ॲस्पिरिन आणि हेपॅरिन मिळायला हवं, तिला ‘सगळं ठीक आहे, नशिबाचा भाग’ असं सांगून घरी पाठवतात. दुसऱ्यांदा फिरवायला लागतात पंधरा मिनिटं. संध्याकाळी साडेसातला पिकअपची गाडी दारात हॉर्न वाजवत असते तेव्हा ती पंधरा मिनिटं काढणं किती अवघड असतं, हे मला ठाऊक आहे, म्हणून मी कुणाला नावं ठेवत नाही. पण ट्यूब दोनदा फिरवली की एकदा, हे रिपोर्टवर लिहायला काय हरकत आहे?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा हे सगळं एकदम अंगावर आलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी त्याच्याही दहा-बारा फूट वर चढलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, पुण्या-मुंबईला जाणारी सॅम्पलं अडकली, नळाला पाणी नाही, लाइट जाऊन-येऊन. आमच्या फ्रिजमध्ये बाहेर पाठवायची पन्नासेक सॅम्पलं होती. मी आणि आणखी एक जण रात्री लॅबमध्येच राहिलो. आधी सगळं सिरम गुठळीवरून काढून छोट्या व्हायलींत वाटलं, जनरेटरवर एकच फ्रिज ठेवला आणि त्याचं दार दिवसातून दोनदाच उघडायचं ठरवलं. आत एक थर्मामीटर, दाराला चिकटवलेला एक कागद, त्यावर वेळ आणि तापमान. रस्ता उघडल्यावर एएनए आणि थायरॉइड अँटीबॉडीची सॅम्पलं आम्ही तशीच पाठवली. सी-३, सी-४ ची मात्र टाकून दिली आणि त्या पेशंटांना फोन करून परत बोलावलं. ही कॉम्प्लिमेंटची, म्हणजे अँटीबॉडीला साथ देणारी रक्तातली प्रथिनं नाजूक असतात, ती बसल्या जागी बदलतात, आणि ल्युपसच्या पेशंटचं औषध कमी-जास्त करताना डॉक्टर त्यांच्याकडेच बघतात. एक जण फोनवर चिडला, ‘पूर तुमच्यामुळं आला का आमच्यामुळं?’ तरी दुसऱ्या दिवशी आला. त्या तापमानाच्या कागदाचा फोटो मी अजून ठेवलाय. ३१ वर्षांत आमच्या फ्रिजची इतकी पक्की नोंद तेवढ्याच दिवसांत झाली.

लोकांना न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वाट बघणं. एलायझाच्या एका प्लेटमध्ये ९६ खोबणी असतात आणि किट महाग असतं. दोन पेशंटांसाठी प्लेट लावली तर लॅब तोट्यात जाते, म्हणून आठवड्यातून एक-दोन दिवस ठरवून रन लावतात. तुमचं रक्त सोमवारी गेलं आणि रन शुक्रवारी असेल तर सिरम चार दिवस फ्रिजमध्ये बसतं. यात लबाडी नाही, आणि फ्रिज नीट असेल तर नुकसानही नाही. पण ‘रिपोर्ट उशिरा का’ या प्रश्नाला काउंटरवरची मुलगी ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणते, तेव्हा लोकांचा विश्वास उडतो. खरं सांगितलं तर लोक समजून घेतात, हा माझा अनुभव आहे.

आता माझं मागणं. वैद्यकीय लॅबसाठी आयएसओ १५१८९ नावाचं मानक आहे, एनएबीएल त्यावरून मान्यता देते. सॅम्पलमध्ये निकालावर परिणाम करेल असा काही दोष असेल तर तसा शेरा रिपोर्टवर यावा, हे त्यात आहे. मान्यता घेणं ऐच्छिक असलं तरी चांगली सवय लावून घ्यायला मान्यतेची गरज नाही. ऑटोअँटीबॉडीच्या प्रत्येक रिपोर्टवर रक्त किती वाजता काढलं, सिरम किती वाजता वेगळं केलं, तपासणी कुठल्या दिवशी लावली, आणि मधल्या काळात ते फ्रिजमध्ये होतं की गोठवलेलं, एवढं छापावं. किटचं आणि पद्धतीचं नाव छापावं. सिरम लालसर किंवा दुधाळ असेल तर तसं लिहावं. कॉम्प्युटरवर चार रकाने वाढतील, बस. सध्या ‘कलेक्शन टाइम’ म्हणून जे छापतात, ते बऱ्याच ठिकाणी काउंटरवर पावती फाडली ती वेळ असते, सुई टोचली ती नव्हे. मीही वर्षानुवर्षं तीच वेळ टाकत आले.

कलेक्शन सेंटर चालवणाऱ्या गारगोटी, मलकापूर, चंदगडच्या भावाबहिणींना एकच सांगणं आहे. एक छोटा सेंट्रिफ्यूज घ्या. अर्धा तास ट्यूब उभी ठेवा, फिरवा, सिरम वेगळं करा, मगच पेटीत घाला. अख्खं रक्त दगडासारख्या गोठलेल्या जेल पॅकला टेकवून पाठवलं की ट्यूबच्या कडेचं रक्त गोठतं, पेशी फुटतात आणि आमच्याकडे येतं ते कोकमाचं सरबत. मधे वर्तमानपत्राची एक घडी घातली तरी पुरते. तुमच्या आणि आमच्या या वर्तमानपत्राचाही तेवढाच उपयोग होईल.

मंगळवार पेठेतल्या त्या गृहस्थांना शेवटी एक विनंती. दोन्ही रिपोर्ट फाडू नका. दोन्ही डॉक्टरांना दाखवा. ते आकड्यांच्या आधी तुमच्या पत्नीची बोटं दाबून बघतील, आणि तेच बरोबर आहे. तिसऱ्यांदा रक्त द्यायचंच झालं तर रविवार टाळा, रन कुठल्या दिवशी लागतो ते लॅबला फोन करून विचारा आणि त्याच दिवशी सकाळी जाऊन द्या. ट्यूबवर लेबल लावताना समोरच्याला थांबवून तुमच्या घड्याळातली वेळ त्यावर लिहायला लावा. आधी तो कुरकुरेल, मग लिहील. आणि सहा महिन्यांनी परत तपासायचं असेल तर त्याच लॅबमध्ये जा.

माझं नाव कृपया छापू नये. तो पाडव्याचा फ्रिज कुणाचा, ते राजारामपुरीत लगेच ओळखतील, आणि मालक आता थकलेत.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर